चेंबूरची बस : हिशेब आणि हित

9 मे 2025 रोजी मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे 6 रुपयांवरून 12 रुपये. वर्तमानपत्रांनी ही बातमी ठळकपणे छापली आणि दोन दिवसांनी ती मागे पडली. परंतु चित्ता कॅम्पहून चेंबूर स्थानकापर्यंत येऊन घरकाम करणाऱ्या भगिनीच्या घरी ती मागे पडली नाही. जाण्यायेण्याचे रोजचे 10 रुपये 20 झाले. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर 250 रुपये अधिक. घरात दोघे कमावते असतील तर 500. ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांना ही रक्कम किरकोळ वाटेल. पण महिनाअखेरीस ज्या घरात दूध अर्धा लिटर कमी येते, तेथे 500 रुपयांचा अर्थ निराळा असतो.

हा निर्णय कोणी घेतला, कसा घेतला, आणि अशा निर्णयांची रीत मुंबईत पूर्वी काय होती, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे. आपण धर्मग्रामांचा इतिहास लिहितो, चर्चच्या शताब्दीचे अंक काढतो, पूर्वजांनी कोणत्या कष्टाने देवळे उभारली याची नोंद ठेवतो. ते योग्यच आहे. परंतु त्या पूर्वजांना रोज कामावर नेणाऱ्या वाहनाचा इतिहासही आपल्याच जीवनाचा इतिहास आहे. त्यात एक प्रश्न वारंवार उभा राहतो : ज्यांना बस लागते त्यांचे म्हणणे, बसविषयी ठरविणाऱ्यांच्या कानापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते?

कंपनीचा काळ

योगायोग असा की मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा जन्मदिवसही 9 मे हाच आहे. 9 मे 1874 रोजी घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम कुलाब्याहून पायधुणीकडे निघाली. तत्पूर्वी 1865 मध्ये एका अमेरिकन कंपनीने असा परवाना मागितला होता आणि तो मिळालाही होता. पण अमेरिकेतील यादवी युद्ध संपून मुंबईचा कापसाचा बाजार कोसळला आणि ती योजना कागदावरच राहिली. 1874 च्या ट्रामचे भाडे प्रथम तीन आणे होते. ट्राम लोकप्रिय होत गेली तसे ते पुढे दोन आण्यांवर आणले गेले. वाहन कितीही चांगले असले तरी त्याचे भाडे माणसाच्या मजुरीशी जुळले पाहिजे, हे तेव्हापासूनच खरे आहे.

1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी स्थापन झाली. तिने जुनी ट्राम कंपनी विकत घेतली आणि 7 मे 1907 पासून विजेची ट्राम सुरू केली. मोटारबसचा विचार काही वर्षे चालला होता. महायुद्धाने तो लांबविला. अखेर 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली. आरंभी चोवीस बसगाड्या होत्या. ट्राम गरिबांची आणि बस बऱ्या स्थितीतील लोकांची, असा तेव्हा समज होता. तो समज काही वर्षे टिकून राहिला. पुढे 1934 मध्ये महापालिकेने विनंती केल्यावर कंपनीने शहराच्या उत्तर भागाकडे बस वाढविली. आपल्या विषयासाठी ही नोंद फार महत्त्वाची आहे. शहर उत्तरेकडे वाढत होते, तेथे प्रवासी होते, तरी कंपनी आपण होऊन गेली नाही. लोकांनी निवडलेल्या संस्थेला मध्यस्थी करावी लागली. कंपनीचे बोट हिशेबाच्या वहीवर असते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिचा धर्मच तो. पण म्हणूनच हिताचा विचार करणारे दुसरे कोणी समोर असावे लागते.

7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याला आठ दिवस असताना, हा सारा व्यवहार मुंबई महापालिकेच्या मालकीचा झाला. 1905 च्या करारातच बेचाळीस वर्षांनंतर कंपनी विकत घेण्याची मुभा महापालिकेला होती आणि तिने ती वापरली. वीज, ट्राम आणि बस एका छत्राखाली आल्या. रोजचा कारभार महाव्यवस्थापकाकडे आणि धोरणाचा विचार बेस्ट समितीकडे, अशी रचना झाली. मार्ग वाढवावा की बंद करावा, भाडे किती असावे, नव्या गाड्या कोणत्या घ्याव्यात, हे प्रस्ताव समितीपुढे येत. भाडेवाढ समितीकडून महापालिकेच्या सभेकडे आणि तेथून परिवहन प्राधिकरणाकडे जाई. समितीतील सदस्य सारे संत होते असे कोणी म्हणणार नाही. तेथे पक्षाचे राजकारण झाले, आरडाओरड झाली, सभात्याग झाले. तरीसुद्धा एखाद्या वस्तीची बस बंद करण्याचा प्रस्ताव आला तर तो उघड्या सभेत मांडावा लागे, दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात येई आणि वस्तीतील माणसे नगरसेवकाच्या दारात जाऊ शकत. 1947 ने मुंबईकराला जे दिले त्यात ही वाट सर्वांत मोलाची होती.

शहराने जे दूर सारले, ते येथे आले

आता चेंबूरकडे वळू. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग 1906 मध्ये बांधला गेला, पण तो प्रवाशांसाठी खुला झाला 1924 मध्ये. रूळ आले आणि माणसाला गाडीत बसायला अठरा वर्षे लागली. 1927 पासून देवनारला शहराचा कचरा टाकण्यात येऊ लागला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना चेंबूरच्या बराकींत आसरा मिळाला. चेंबूर कॅम्प हे नाव तेव्हापासूनचे. 1954 आणि 1955 मध्ये माहुल आणि तुर्भे परिसरात तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले. 1956 मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले. अणुशक्ती केंद्र आले, खताचा कारखाना आला. 1971 मध्ये कत्तलखाना देवनारला हलविला गेला. 1976 च्या मे महिन्यात, आणीबाणीच्या काळात, जनता कॉलनीतील हजारो कुटुंबांना उठवून चित्ता कॅम्प येथे वसविण्यात आले. अलीकडे रस्ते, रेल्वे आणि जलवाहिन्या यांच्यासाठी उठविलेली कुटुंबे वाशी नाका, मानखुर्दचे लल्लूभाई कंपाऊंड आणि माहुल येथील इमारतींत पाठविली गेली. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या ज्या कुटुंबांना माहुलला धाडले, त्यांच्या बाबतीत तर हवा राहण्यायोग्य आहे का, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. 2019 मध्ये न्यायालयाने त्यांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, शहराला जे आपल्याजवळ नको होते ते त्याने या पूर्व कोपऱ्याकडे सारले. कचरा, धूर, आणि पुष्कळदा गरीब माणूसही. अशा माणसाचा कामधंदा मात्र जुन्या जागीच राहतो. दादरला भांडी घासणारी बाई माहुलला राहायला आली म्हणून तिचे काम माहुलला येत नाही. मुलांची शाळा, आजाऱ्याचे रुग्णालय, जुने शेजारी, जुने चर्च हे सगळे मागे राहते. त्या दोन टोकांना बांधणारा धागा म्हणजे बस.

हार्बर मार्गाची रेल्वे चेंबूर, गोवंडी, मानखुर्द यांना कुर्ल्याशी आणि दक्षिण मुंबईशी जोडते. पण माहुल गाव, वाशी नाका, घाटला, ट्रॉम्बेचा कोळीवाडा, कारखान्यांची फाटके ही सर्व स्थानकापासून दूर आहेत. शीव, घाटकोपर किंवा ठाण्याकडे थेट जायचे तर रस्ताच धरावा लागतो. 1950 मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढून ही उपनगरे महापालिकेत आली आणि हद्दीबरोबर बसही आली. कारखान्यांच्या पाळ्या बदलताना भरून येणारी बस, पहाटेच्या मासळीच्या टोपल्या, निरंतर साहाय्य मातेच्या नव्हेनाला बुधवारी गर्दीने उतरणारे भाविक, परीक्षेच्या दिवसांत उभ्या उभ्या वाचणारी मुले : चेंबूरचे समाजजीवन या बसमध्ये एकत्र आले. सिंधी, तमिळ, कोळी, ईस्ट इंडियन, गोवेकर, मराठवाड्यातून आलेला दलित बांधव, सारे एका बाकावर बसले. आपल्या देवळांतही इतकी सरमिसळ नेहमी दिसत नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

धूर येथे, दिवा तेथे

बस तोट्यात चालते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते निसर्गनियम वाटू लागले आहे. प्रत्यक्षात कित्येक दशके बेस्टचा एकूण संसार नीट चालला, कारण तिच्याकडे वीजपुरवठाही होता. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या घरांना व कचेऱ्यांना बेस्ट वीज देई. त्या व्यवहारातील शिलकीतून बसची तूट भरून निघे. चेंबूरला बेस्टची वीज मिळत नाही, तिची बस मात्र मिळते. बेस्ट जी वीज विकत घेई ती टाटांची, आणि टाटांचे औष्णिक केंद्र उभे आहे तुर्भ्याला, म्हणजे चेंबूरच्या अंगणात. त्या विजेचा धूर माहुल आणि चेंबूरकरांच्या छातीत गेला, दिवे मलबार हिलवर लागले, आणि दिव्यांच्या देयकातून उरलेल्या पैशातून चेंबूरची बस चालली. ही न्यायाची एक ओबडधोबड पण खरी व्यवस्था होती. ती कोणा एका दात्याच्या कृपेने उभी राहिली नव्हती. वीज आणि बस एकाच सार्वजनिक संस्थेकडे असल्यामुळे ती शक्य झाली.

2003 च्या वीज कायद्यानंतर वीज व वाहतूक यांचे हिशेब निराळे पाहण्याचा आग्रह वाढला. एका सेवेच्या ग्राहकाने दुसरीचा भार का सोसावा, असा प्रश्न विचारला गेला. कायद्याच्या दृष्टीने तो गैर नव्हता. पण जुना आधार गेल्यावर नवा कोणता द्यायचा, याचे उत्तर वेळेवर कोणी दिले नाही. 2010 च्या सुमारास बेस्टकडे 4,500 हून अधिक बसगाड्या होत्या आणि दिवसाला 40 लाखांहून अधिक लोक त्यांतून प्रवास करीत. पुढच्या दशकात दोन्ही आकडे घसरत गेले. भाडे वाढले की प्रवासी कमी होत, प्रवासी घटले की फेऱ्या कमी होत, आणि फेऱ्या घटल्या की उरलेले प्रवासीही रिक्षाकडे वळत.

याच काळात चेंबूरला एक नवे वाहन मिळाले. फेब्रुवारी 2014 मध्ये वडाळा ते चेंबूर अशी देशातील पहिली मोनोरेल सुरू झाली. मार्च 2019 मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत नेण्यात आली. मार्गाची लांबी सुमारे 20 किलोमीटर झाली. पण पुरेसे प्रवासी तिला कधीच मिळाले नाहीत. नोव्हेंबर 2017 मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकात डब्यांना आग लागली आणि सेवा कित्येक महिने बंद राहिली. 19 ऑगस्ट 2025 च्या मुसळधार पावसात गर्दीने भरलेली गाडी उंच खांबांवर अडकली आणि शेकडो प्रवाशांना अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून उतरवावे लागले. 20 सप्टेंबर 2025 पासून सुधारणांसाठी ती सेवा थांबविण्यात आली. दहा वर्षांतील हा अनुभव उपहासासाठी सांगत नाही. मोठे वाहन आखताना विचारायचा पहिला प्रश्न साधा असतो : येथील माणूस कोठून निघतो आणि कोठे जातो? बसथांब्यावर पंधरा मिनिटे उभे राहिले तरी त्याचे उत्तर मिळते.

2019 चा तराजू

बसविषयी अधिकाऱ्यांनी व लोकप्रतिनिधींनी केलेला अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा विचार 2019 चा. त्या वर्षी 8 जानेवारीपासून बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवस संप केला. शहर हवालदिल झाले. त्यानंतरच्या महिन्यांत महापालिका, बेस्ट प्रशासन आणि कामगार संघटना यांच्यात जी बोलणी झाली त्यांतून काही गोष्टी ठरल्या. महापालिकेने बेस्टला दरमहा 100 कोटी रुपयांचे साहाय्य द्यावे, भाडे कमी करावे, भाडेतत्त्वावर गाड्या घेऊन ताफा वाढवावा, आणि बेस्टने स्वतःच्या 3,337 गाड्या मात्र कायम राखाव्यात. 9 जुलै 2019 पासून किमान भाडे 8 रुपयांवरून 5 रुपये झाले. तोट्यातील संस्थेने भाडे उतरविले, हे पाहून हिशेबतपासनीसांनी कपाळाला हात लावला असेल. पण थांब्यांवर पुन्हा रांगा दिसू लागल्या. माणसे परत आली. बस ही गरज आहे आणि परवडली तर लोक तिच्याकडे येतात, हे पुन्हा दिसून आले.

पुढच्याच वर्षी, मार्च 2020 मध्ये, महामारीमुळे लोकलगाड्या थांबल्या. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस यांना कामावर कोण नेणार? बेस्टच्या चालक-वाहकांनी नेले. त्यांच्यापैकी कित्येक आजारी पडले, काहींनी प्राण गमावले. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी भगिनी त्या दिवसांत रुग्णालयांत सेवेला गेल्या त्या याच बसने. तोट्याच्या रकान्यात त्या फेऱ्यांची नोंद कशी करावी?

2019 च्या कराराची दुसरी बाजू मात्र दुर्बळ ठरली. भाडेतत्त्वावरील गाड्या वाढल्या, स्वतःच्या गाड्या जुन्या होऊन निघत गेल्या आणि त्यांच्या जागी पुरेशा नव्या आल्या नाहीत. 2025 पर्यंत 3,337 चे ते वचन काही शेकड्यांवर येऊन ठेपले होते. कंत्राटदारांपैकी काहींना व्यवहार परवडला नाही व त्यांनी गाड्या काढून घेतल्या. थांब्यावरच्या माणसाला एवढेच कळले की बस आली नाही. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर भाडेतत्त्वावरील एका विजेवरील बसने माणसांना आणि वाहनांना चिरडले. चालकाच्या प्रशिक्षणाविषयी तेव्हा जे प्रश्न विचारले गेले, ते आधी विचारले गेले असते तर काही घरांतील दिवे विझले नसते.

आणि याच काळात ती जुनी वाटही बुजली होती. 7 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. नगरसेवक नाहीत म्हणून बेस्ट समितीही नाही. 2025 ची भाडेवाढ या पोकळीत झाली. महाव्यवस्थापकांचा प्रस्ताव, प्रशासकाची मंजुरी, परिवहन प्राधिकरणाची संमती, असा कागदांचा प्रवास नियमानुसार पूर्ण झाला. अधिकाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. सहा वर्षांत इंधन, पगार, सुटे भाग सर्व महागले होते आणि भाडे मात्र तेच होते. वाढ हवीच होती, असे मानणारे सुज्ञ लोकही आहेत. पण एका झटक्यात दुप्पट का, टप्प्याटप्प्याने का नाही, विद्यार्थी व वृद्धांची झळ कशी कमी करावी, हे प्रश्न लोकांच्या प्रतिनिधीने सभेत उभे राहून विचारायचे असतात. ते विचारणारे त्या आसनांवर कोणी नव्हते. जवळजवळ चार वर्षांच्या खंडानंतर 2026 च्या जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली.

आपले काम

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीत या प्रश्नाला थेट लागू पडणारी दोन तत्त्वे आहेत. 1931 च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपत्रात पोप अकरावे पायस यांनी मांडलेले तत्त्व असे की, जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. उलट, त्याला ते करण्यास साहाय्य करावे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 मध्ये सर्वांच्या सामायिक हिताचा विचार विस्ताराने मांडला. सामायिक हित म्हणजे बहुसंख्यांचे हित एवढाच अर्थ नाही. ज्याच्याशिवाय कोणालाच, विशेषतः दुर्बळाला, माणूस म्हणून नीट जगता येत नाही, अशी परिस्थिती निर्माण करणे हे त्याचे सार. पहाटे पाचची बस ही त्या परिस्थितीचाच एक भाग आहे. ती नसेल तर पहिल्या पाळीच्या कामगाराची नोकरी जाते. रात्री दहाची बस नसेल तर परिचारिकेला अंधारात चालावे लागते. बस कोणत्या वळणावर थांबते हे त्या वळणावर राहणारा माणूस जाणतो. ते ज्ञान कुलाब्याच्या कचेरीत आपोआप पोहोचत नाही.

म्हणून धर्मग्रामांतील लघु ख्रिस्ती समूहांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या वस्तीच्या थांब्यावर कोणती बस किती वाजता यायची आणि ती प्रत्यक्षात किती वाजता येते, हे एक महिनाभर वहीत लिहावे. कोणती फेरी बंद झाली, त्यामुळे कोणाची शाळा, कोणाचे औषध, कोणाचे काम अडले, हेही लिहावे. हे काम करताना केवळ आपल्या घरांपुरते पाहू नये. थांब्यावरचा मुसलमान शेजारी, बौद्ध शेजारी यांनाही विचारावे, कारण बस त्यांचीही आहे. ती वही घेऊन नगरसेवकाकडे आणि आगाराच्या व्यवस्थापकाकडे जावे. नुसत्या रागाला प्रशासनाकडे उत्तर असते. तारीख, वेळ आणि माणसे लिहिलेल्या वहीला उत्तर देणे कठीण जाते. आपल्याच वसईत 2017 मध्ये एसटीच्या फेऱ्या बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि न्यायालयातही गेले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्यांच्या हाती मार्गांची, गावांची आणि शाळकरी मुलांची नेमकी माहिती होती, हे त्यांचे बळ होते.

बेस्टच्या अंदाजपत्रकावर दरवर्षी चर्चा व्हावयाची असते. तेथे तोट्याचा आकडा मांडणारे असतीलच, आणि तो त्यांनी मांडलाही पाहिजे. त्या आकड्याशेजारी माहुलची, चित्ता कॅम्पची, घाटल्याची वही ठेवली गेली, तर तराजूची दुसरी बाजू रिकामी राहणार नाही.